टाचेची शीर जोडताना धागा कोणता?

गेल्या अंकात टाचेमागची शीर, म्हणजे अकिलिस टेंडन, कशी तुटते आणि ती तुटल्याचे घरच्या घरी कसे ओळखावे याबद्दल लिहिले होते. त्यावर पुष्कळ पत्रे आली. बहुतेकांना एकच गोष्ट जाणून घ्यायची आहे, ती म्हणजे शीर जोडायला वापरतात तो धागा. काही पत्रे एकत्र करून उत्तरे देत आहे.

माझे वय ४३, नोकरी बँकेत. बॅडमिंटन खेळताना मागून कोणी पोटरीवर जोरात रॅकेट मारल्यासारखे वाटले, वळून पाहिले तर मागे कोणीच नव्हते. शीर पूर्ण तुटली आहे. एक सर्जन म्हणतात, विरघळणाऱ्या धाग्याने जोडू. दुसरे म्हणतात, आम्ही कायम राहणारा 'हाय स्ट्रेंग्थ' धागाच वापरतो, त्याचे बिल वेगळे लागेल. माझा भाचा म्हणतो, धागा विरघळला की शीर पुन्हा सुटणार. कोणाचे ऐकू?
– एक वाचक, सांगली

तुम्हाला फोनवर लगेच कळवले होते. इथे सविस्तर लिहिते, कारण हाच प्रश्न इतरांनीही विचारला आहे. तुमचे दोन्ही सर्जन बरोबर आहेत. भाच्याचे म्हणणे मात्र मनातून काढून टाका.

धागा तुमची शीर जन्मभर धरून ठेवत नाही. शीर स्वतःच जुळते. तिची दोन टोके एकमेकांना चिकटून राहतील, मध्ये फट पडणार नाही, एवढेच धाग्याचे काम आणि तेही काही आठवड्यांपुरते. पहिल्या आठवड्यात तिथे सूज आणि रक्ताची गाठ असते, पुढच्या पाच-सहा आठवड्यांत नवे तंतू भरतात, आणि ते तंतू ओढीच्या दिशेने नीट लागायला वर्षभर जाते. धावताना या शिरेवर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट ताण येतो, काही मापनांत तो बारा पटींपर्यंत गेलेला आहे. असा ताण एकट्याने पेलेल असा धागा बाजारात नाही. तो पेलायचा तो जुळलेल्या शिरेनेच.

त्यामुळे धाग्याची ताकद किती, यापेक्षा ती किती दिवस टिकते हे आधी पाहावे लागते. व्हिक्रिल हा आमच्याकडचा रोजचा विरघळणारा धागा. त्याची ताकद तिसऱ्या आठवड्यात निम्मी होते आणि चौथ्या आठवड्यात पाव उरते. कातडीखालचा थर शिवायला तो उत्तम. पण टाचेच्या शिरेचा मुख्य टाका त्याच्या भरवशावर टाकणे मला पटत नाही, कारण शीर अजून कच्ची असतानाच तो हात सोडतो. पीडीएस हाही विरघळणाराच, पण एकेरी तंतूचा आणि सावकाश विरघळणारा. महिना झाला तरी त्याची निम्मी किंवा त्याहून अधिक ताकद शिल्लक असते आणि तो पुरता नाहीसा व्हायला सहा-सात महिने लागतात. तुमचे पहिले सर्जन 'विरघळणारा' म्हणतात तेव्हा बहुधा हाच धागा त्यांच्या मनात असणार. एकदा विचारून खात्री करून घ्या.

कायम राहणाऱ्यांत वेणीसारखा विणलेला पॉलिएस्टर, म्हणजे इथिबॉन्ड आणि त्याच्या जातीचे धागे, कित्येक वर्षांपासून वापरात आहेत. महाग म्हणून तुम्हाला जो सांगितला तो फायबरवायरसारखा, अतिशय मजबूत पॉलिइथिलीन घालून विणलेला असणार. तो तुटत नाही, ताणला तरी लांबत नाही, हे खरे. पण त्याचे दोन त्रास तुम्हाला कोणी सांगितले नसतील. तो निसरडा असतो, त्याची गाठ सरकू नये म्हणून जास्त फेरे द्यावे लागतात आणि गाठ जाड होते. शिवाय तो कडक असल्यामुळे कुजक्या, पिंजलेल्या तंतूंवर ताण आला की त्यांना चिरत पुढे सरकू शकतो.

खरी अडचण या पिंजलेल्या तंतूंचीच आहे. खेळताना तुटलेली शीर सुरीने कापल्यासारखी सरळ तुटत नाही. टाचेच्या हाडापासून साधारण दोन ते सहा सेंटीमीटर वर, जिथे तिला रक्तपुरवठा कमी असतो तिथे ती फाटते. उघडून पाहिले की दोन्ही टोके जुन्या सुंभासारखी उलगडलेली दिसतात. त्या टोकांत कितीही भारी धागा घातला तरी तो निघून येतो. टाका वरच्या आणि खालच्या निरोगी भागात घ्यावा लागतो, आणि तो असा की ओढ बसली की तो शिरेला आवळून धरेल. १९८६ मध्ये केनेथ क्रॅको या अमेरिकी अस्थिशल्यविशारदाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी असा कडी घालत जाणारा टाका मांडला, तो आज जगभर वापरला जातो. प्रयोगशाळेत जोडलेली शीर ताणून पाहतात तेव्हा धागा मधेच क्वचित तुटतो. तुटला तर गाठीपाशी, नाहीतर शिरेतून ओरबाडत बाहेर येतो. म्हणूनच माझ्या मते धाग्याच्या नावापेक्षा टाक्याची पकड आणि गाठ या दोन गोष्टी जास्त मोलाच्या आहेत, आणि त्या दोन्ही सर्जनच्या हातात असतात.

आता कातडीकडे या. टाचेच्या मागे बोटाने चिमूट घेऊन बघा. कातडी आणि शीर यांच्यामध्ये जवळजवळ काहीच नाही. मांडीत एखादी जाड गाठ राहिली तर कोणाला पत्ता लागत नाही. इथे तीच गाठ बुटाच्या काठाला रोज घासते. जखम भरायला ही जागा शरीरातल्या नाठाळ जागांपैकी एक. विणलेल्या धाग्याच्या फटींत जंतू लपून बसतात, एकेरी तंतूच्या धाग्यावर त्यांना तेवढा आसरा मिळत नाही. रुग्णाला मधुमेह असेल, तो तंबाखू किंवा मिश्री सोडायला तयार नसेल, कातडी कागदासारखी पातळ असेल, स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील, तर मी सावकाश विरघळणारा एकेरी धागा घेते. तुमच्यासारख्या धडधाकट, साखर नॉर्मल असलेल्या माणसाला, कातडी फाटलेली नसताना, मी दोन नंबरचा विणलेला कायमचा धागा घेते, गाठी शिरेच्या पुढच्या अंगाला, कातडीपासून लांब पुरते आणि वरचे पातळ आवरण, पॅराटेनॉन, बारीक विरघळणाऱ्या धाग्याने नीट बंद करते. हे आवरण बंद करण्याचा कंटाळा करू नये असे मला फार वाटते. शिरेला रक्त तिथूनच मिळते आणि कातडी शिरेला चिकटत नाही.

विरघळणारा आणि कायमचा यांची समोरासमोर तुलना करणारे अभ्यास झाले आहेत. ते लहान आहेत, पण त्यांत शीर पुन्हा तुटण्याच्या बाबतीत ठळक फरक दिसलेला नाही. म्हणून दोन सर्जनांपैकी निवड धाग्यावरून करू नका. ज्यांनी तुमचा पाय नीट तपासला, शस्त्रक्रियेनंतरचे आठवडे कसे जातील हे ज्यांनी न विचारता समजावले, त्यांच्याकडे जा. पाय धरून ठेवणारा खास बूट कधी, बुटातल्या टाचेखालच्या पाचरी कधी एकेक करून काढायच्या, वजन कधी टाकायचे, व्यायाम कोण करून घेणार, प्लास्टरच्या काळात पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून काय करणार, हे विचारा. पहिल्या तीन महिन्यांत शीर पुन्हा तुटण्याचा धोका सर्वांत जास्त असतो आणि तो बहुतेक वेळा जिन्यावरचा एक चुकीचा पाय किंवा बाथरूममध्ये घसरणे यातून येतो. महाग धागा तिथे वाचवत नाही.

बिलाबद्दलही एक. 'दोन नंबर' आणि 'टू झिरो' हे वेगळे धागे आहेत. दोन नंबरचा साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो, टू झिरो त्याहून बराच बारीक, मिलिमीटरच्या एक तृतीयांशाच्या आसपास. बिलावर दोन्ही दिसले तर घाबरू नका, एक मुख्य टाक्याचा आणि दुसरा वरच्या थरांचा असतो.

शस्त्रक्रिया करावीच का, हे तुम्ही विचारले नाही, पण विचारायला हवे होते. नॉर्वेतला ५५४ रुग्णांचा मोठा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विनाशस्त्रक्रिया उपचार, उघडी शस्त्रक्रिया आणि छोट्या छिद्रांतून केलेली शस्त्रक्रिया असे तीन गट होते. वर्षभरानंतर पायाच्या कामात तिन्ही गटांत फरक उरला नव्हता. पुन्हा तुटण्याचे प्रमाण विनाशस्त्रक्रिया गटात ६.२ टक्के, तर शस्त्रक्रियेच्या दोन्ही गटांत ०.६ टक्के. उलट शिरेशेजारच्या संवेदना-नसेला इजा होण्याचे प्रमाण छोट्या छिद्रांच्या शस्त्रक्रियेत सर्वाधिक, ५.२ टक्के होते. तुम्हाला पुन्हा कोर्टवर उतरायचे आहे आणि तब्येत चांगली आहे, म्हणून शस्त्रक्रियेचा निर्णय योग्यच वाटतो. पण मधुमेही, वयस्क, बैठे काम करणाऱ्या माणसाला मी आधी शस्त्रक्रियेविना, बुटाचा मार्ग सुचवते. तो मार्ग मात्र पहिल्याच काही दिवसांत सुरू व्हायला हवा, महिनाभर मालिश करून झाल्यावर नव्हे.

डेव्हिड बेकहॅमची हीच शीर मार्च २०१० मध्ये तुटली होती. फिनलंडमधल्या तुर्कू शहरात शस्त्रक्रिया झाली, त्या वर्षीचा विश्वचषक हुकला आणि सप्टेंबरमध्ये तो मैदानात उतरला. जगातल्या उत्तम सोयी हाताशी असलेल्या खेळाडूला सहा महिने लागले. तुम्ही वर्ष धरून चला.

आमची आई (वय ५८) संडासात घसरली. चिनीमातीचे भांडे फुटले आणि त्याच्या काठाने टाचेवर खोल चीर गेली. शीर कापली होती. डॉक्टरांनी त्याच रात्री ऑपरेशन थिएटरमध्ये धुऊन बारीक, एकेरी धाग्याने जोडली. नातेवाईक म्हणतात, एवढ्या मोठ्या शिरेला मासे पकडायच्या दोरीसारखा बारीक धागा कसा चालेल?
– एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

चालेल. तुमच्या डॉक्टरांनी विचारपूर्वक काम केले आहे.

ही जखम आपल्याकडच्या प्रत्येक अस्थिरोग सर्जनने पाहिलेली असते. उकिडवे बसायच्या भांड्यावर पाय निसटला की टाच भांड्यात जाते, कड फुटते आणि धारदार काठ नेमका शिरेवर येतो. उसाच्या फडातला कोयता लागून होणारी जखमही याच जागी. या जखमा घाण असतात. अशा जागी जाड विणलेला धागा सोडणे म्हणजे जंतूंना घर बांधून देणे. एकेरी तंतूचा धागा, तोही लागेल तेवढाच, हेच बरोबर. आणि खेळताना तुटलेल्या शिरेपेक्षा एक गोष्ट इथे सोपी असते. काठाने कापलेली टोके स्वच्छ, सरळ असतात, पिंजलेली नसतात. त्यामुळे टाका जवळच्याच निरोगी भागात पक्का बसतो.

धाग्याइतकेच, किंबहुना जास्तच, महत्त्व धुण्याला आहे. भांड्याचा कपचा आत राहिला तर कुठलाही धागा टिकणार नाही. चिनीमाती एक्स-रेत बहुधा दिसते, आईंचा एक्स-रे काढला असेलच. धनुर्वाताचे इंजेक्शन झाले ना, तेवढे पाहून घ्या. कातडीचे टाके काढायची घाई करू नका, या जागी दोन आठवडे किंवा जरा जास्तच ठेवावे लागतात. जखमेच्या कडा काळसर दिसू लागल्या किंवा पाणी येऊ लागले तर त्याच दिवशी दाखवा.

इतर वाचकांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगते. अशी जखम गावातल्या दवाखान्यात फक्त कातडी शिवून सोडली जाते, कारण रुग्णाला पंजा खाली वळवता येतो आणि सगळ्यांना वाटते, शीर शाबूत आहे. पंजा खाली वळवायला पायात इतरही स्नायू आहेत. शीर पूर्ण कापलेली असली तरी पंजा थोडा हलतोच. रुग्णाला पालथे झोपवून पोटरी हाताने दाबायची. दाबल्यावर पंजा आपोआप खाली गेला तर शीर जोडलेली आहे, हललाच नाही तर तुटलेली. टाचेमागच्या प्रत्येक खोल जखमेत ही तपासणी व्हायलाच हवी. महिन्याने लक्षात आलेली शीर जोडणे खूप अवघड असते. मधली फट वाढलेली असते आणि दुसरीकडून शीर आणून भरावी लागते.

दोन वर्षांपूर्वी अकिलिसची शस्त्रक्रिया झाली. चालणे छान आहे. पण टाचेच्या वर कातडीखाली ज्वारीच्या दाण्याएवढी कडक गाठ लागते आणि गेल्या दोन महिन्यांत तिथून अधूनमधून पाणी येते. अँटिबायोटिक घेतले की थांबते, पुन्हा सुरू होते. शीर सडत आहे का?
– एक वाचक, चिंचवड

शीर सडत नाही, काळजी नको. वर्णनावरून ही धाग्याची गाठ वाटते. कायमचा धागा काही जणांच्या शरीराला सोसत नाही, किंवा त्यात थोडे जंतू अडकून राहतात आणि शरीर त्याला बाहेर ढकलू पाहते. गोळ्यांनी ते काही दिवस शांत होते. पण धागा आत आहे तोवर ते पुन्हा येणारच, म्हणून गोळ्यांचा तिसरा कोर्स घेऊ नका.

उपाय म्हणजे धागा काढणे. दोन वर्षांनी शीर पूर्ण जुळलेली असते, धागा काढल्याने ती सुटत नाही. पण हे काम कंपाउंडरकडून किंवा घरी सुईने टोचून करायचे नाही. थिएटरमध्ये, शक्यतो सगळा धागा निघेल अशा पद्धतीने करायचे. काढलेला तुकडा तपासायला पाठवायचा आणि आपल्या देशात क्षयरोगाची तपासणीही त्याच वेळी करून घ्यायची, कारण रेंगाळणाऱ्या जखमेमागे कधीकधी तोही असतो. रक्तातली साखर आधी तपासा.

ज्यांना नुसती गाठ लागते, कातडी कोरडी आणि शाबूत आहे, त्यांनी काहीच करू नये. मागचा काठ मऊ असलेली चप्पल-बूट वापरावेत, तेवढ्याने बहुतेकांना आराम पडतो.

मी अस्थिरोग विभागात निवासी डॉक्टर आहे. आमच्या युनिटमध्ये कोणी क्रॅकोच्या टाक्यासाठी पाच नंबरचा, म्हणजे आणखी जाड धागा घेतात, कोणी दोन नंबरचे दोन धागे. कड्या किती घ्याव्यात यावरही मतभेद आहेत. तुमचे मत?
– एक निवासी डॉक्टर, नांदेड

दोन नंबरचे दोन धागे घ्या, म्हणजे फटीवरून चार पदर जातात. पाच नंबरची गाठ त्या कातडीखाली पुरायला जागा नसते. कड्या वाढवत गेल्याने ताकद फारशी वाढत नाही, दुसरा धागा घातला की वाढते. तीन-चार कड्या दोन्ही बाजूंना पुरतात, त्याहून जास्त घेऊन शिरेचा रक्तपुरवठा आवळू नका.

गाठ मारण्यापूर्वी प्रत्येक कडीतला ढिलेपणा ओढून काढा. क्रॅकोत हाच दोष लपलेला असतो. टेबलावर जोड घट्ट दिसतो आणि रुग्ण चालू लागला की कड्या बसतात, फट पडते आणि शीर लांब होऊन जुळते. लांब झालेल्या शिरेचा रुग्ण चवड्यावर उभा राहू शकत नाही, आणि ते नंतर दुरुस्त करणे कठीण. म्हणून दुसरा पायही निर्जंतुक करून उघडा ठेवा. पालथ्या रुग्णाचे दोन्ही गुडघे वाकवून पंजे कुठे लोंबतात हे गाठीपूर्वी ताडून बघा. जोडलेल्या बाजूचा पंजा दुसऱ्याइतका किंवा किंचित जास्तच खाली हवा.

पॉलिएस्टरला पाच सपाट फेरे, निसरड्या पॉलिइथिलीनला त्याहून एक-दोन जास्त. एकेरी धागा नीडल होल्डरने, म्हणजे सुई धरायच्या चिमट्याने, कधीही मधे पकडू नका, तिथे ओरखडा पडतो आणि नंतर तिथेच तुटतो. मुख्य टाक्यानंतर कडेने बारीक धाग्याचा फेरा जरूर घाला. जोड गुळगुळीत होतो आणि फट पडायला विरोध होतो. छेद आतल्या बाजूने घ्या. बाहेरच्या बाजूला सुरल नर्व्ह ही संवेदना-नस आहे, टाचेपासून साधारण दहा सेंटीमीटर वर ती शिरेची कड ओलांडते, छोट्या छिद्रांतून धागा घालताना तिची खास काळजी घ्या.

शिरेत कायमचा धागा आहे. पुढे कधी एमआरआय करता येईल का? विमानतळावर वाजेल का?
– एक वाचक, नागपूर

धागा पॉलिएस्टर, पॉलिइथिलीन किंवा नायलॉन अशाच जातीचा असतो, त्यात धातू नाही. एमआरआय करता येतो, विमानतळावर काही वाजत नाही. शीर हाडाजवळच तुटली असेल तर ती टाचेच्या हाडात अँकर, म्हणजे धागा धरून ठेवणारी छोटी खुंटी, घालून बसवलेली असू शकते. काही अँकर टायटॅनियमचे असतात, काही प्लास्टिकसारख्या पदार्थाचे. टायटॅनियम असला तरी एमआरआयला सहसा अडचण येत नाही, पण तंत्रज्ञाला आधी सांगावे लागते. डिस्चार्ज कार्डावर अँकरचे स्टिकर चिकटवलेले असते. ते नसेल तर हॉस्पिटलच्या रेकॉर्डमधून त्याची प्रत आताच मागून घ्या, काही वर्षांनी जुने कागद मिळणे कठीण होते.